पहिलं वाटण

मी पाटा बोलतोय. वरवंट्याखाली पडून असतो तो पाटा. दचकू नका. साठ-पासष्ट वर्षं चुलीशेजारी पडून सासूचं, सुनेचं, जावयाचं सगळं मुकाट ऐकून घेतलं, आता घटकाभर तुम्ही माझं ऐका.

शिक्षण म्हणाल तर अर्धवट. घरातली पोरगी वच्छला लहानपणी कोळशानं माझ्या अंगावर बाराखडी गिरवायची. तिची शाळा चौथीत सुटली, माझीही त्याच दिवशी सुटली. तेव्हा माझ्या बोलण्यातल्या चुका काढत बसू नका. चित्रकलेबद्दल मात्र मी अधिकारानं बोलणार. मुंबईत गुलाब परसराम या चित्रकाराच्या काळ्या चित्रांपुढं शहाणी माणसं हनुवटी धरून उभी राहतात ना, त्या चित्रांत थोडा मी आहे. हे मी हवेत बोलत नाही. माझं अंग झिजलंय, त्याचा हिशेब त्या चित्रांतच निघेल.

माझा जन्म टेकडीच्या पोटातला. पाथरवटानं मला सोडवलं, घडवलं आणि तुमसरच्या बाजारात उभं केलं. चिखल्याच्या मँगनीज खाणीत काम करणारा परसराम तिथं आला. त्यानं मला चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि मोठ्या जाणकारासारखी मान हलवली. त्याला पाट्यातलं काही कळत नव्हतं. पुढं मोठमोठ्या चित्रांपुढं मोठमोठ्या माणसांनाही मी, म्हणजे माझ्यातल्या काही भागानं, तशीच मान हलवताना पाहिलं. सायकलच्या कॅरिअरवर बांधून त्यानं मला चिखल्याला खाण कामगारांच्या वस्तीत नेलं. तेव्हा मी चांगला चार बोटं जाड होतो.

परसरामला दोन लेकरं. थोरला गुलाब, पाच वर्षांनी लहान वच्छला. गुलाबाला एकच नाद. खाणीतून माल घेऊन जाणाऱ्या ट्रकमधून रस्त्यावर जे काळे खडे सांडायचे, ते वेचायचे, कुटायचे आणि बोटानं वस्तीच्या भिंतींवर फासायचे. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. नुसता काळा पट्टा आणि त्याच्या कडेला विटकरीची एक लाल रेघ.

एकदा परसराम पाळी संपवून आला तर घराची पांढरी भिंत काळी.

"हे काय काढलं बे?"

"अंधार," गुलाब म्हणाला.

"अंधार पाहाले मी रोज खाली जातो. तू घरी कायले आणून राहिला?"

चित्रकाराच्या कामावर झालेली ही पहिली टीका. पुढं साठ वर्षांत लोकांनी त्याच्यावर जाडजूड लेख लिहिले, पण परसरामच्या पुढं कोणी गेलं असं मला वाटत नाही.

आता इथं जरा नीट लक्ष द्या, सगळी गंमत इथंच आहे.

पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो. मग वर्षातून एकदा टाकीवाली येते. टाकी म्हणजे छिन्नी. ती माझ्या अंगावर टकटक टकटक करून बारीक खड्डे पाडते, की मी पुन्हा मिरची चावायला तयार. पण टाकी लावल्यावर पहिलं वाटण खायचं नसतं. माझ्या अंगाची कच त्यात उतरते, दाताखाली करकर येते. म्हणून बायका मूठभर तांदळाची कणी वाटतात आणि फेकून देतात. घरोघरचा रिवाज आहे.

गुलाबाची माय काटकसरी. कणी फेकायची म्हटलं की तिचा जीव तुटायचा. तिनं तोड काढली. "पोरा, तुझे ते काळे खडे आण. पयलं वाटण तुझं. एरवी माझ्या पाट्याले हात लावला तं बोटं मोडीन."

वाटायचं काम वच्छलाकडं. तिच्या एवढ्याशा हातांत वरवंटा मावायचा नाही, पण ती वाटायची. काळ्या खड्यांबरोबर माझं अंग खरवडून निघायचं आणि दोन्ही मिळून एक काळा रंग व्हायचा. त्यात बारीक कण असायचे. ऊन पडलं की ते कण लुकलुकायचे. गुलाब तो रंग जवसाच्या तेलात कालवायचा. नंतर मला तीन पाण्यांनी धुवायचे, तरी दोन दिवस चटणी काळपट यायची. परसराम बिचारा समजायचा, खाणीची धूळ अजून तोंडातून गेली नाही.

पुढं शाळेतल्या एका गुरुजींनी गुलाबाला नागपूरला चित्रकलेच्या शाळेत पोचवलं. तिथून तो मुंबईला गेला. वच्छलाचं लग्न पवनी तालुक्यातल्या आसगावला झालं. मायनं लेकीबरोबर मला दिलं. लग्नाच्या गाडीत नवरी कमी रडली, मला उचलून ठेवणारे दोन पाहुणे जास्त.

आसगाव म्हणजे धानाचं गाव. नजर जाईल तिकडं बांध्या, म्हणजे पाणी अडवलेली भाताची शेतं. वच्छला रोवणीला जायची, कापणीला जायची, आणि दरवर्षी दिवाळीनंतर टाकीवाली येऊन गेली की पहिलं वाटण काळ्या खड्यांचं करायची. खडे चिखल्याचा एक भाऊबंद पाठवायचा. वाटलेला रंग वाळवून दूध पावडरच्या डब्यात भरायचा आणि एसटीनं नागपूर, तिथून मुंबई. वर्षाचा एक डबा. गुलाब त्या डब्याला जपून जपून वापरायचा. सगळ्यांना सांगायचा, माझ्या बहिणीनं पाठवलेला खास रंग आहे. बहिणीनं कधी सांगितलंच नाही की बाबा रे, हे तर फेकायचं वाटण आहे. तिला वाटायचं, यात सांगण्यासारखं काय?

गुलाब मोठा झाला तो असा. सुरुवातीला त्याची चित्रं कोणी घेईना. एक मोठं चित्र त्यानं खानावळवाल्याला जेवणापोटी दिलं, खानावळवाल्यानं ते उलटं करून त्यावर भाज्यांची यादी लिहिली. मग एका बाईनं त्याच्यावर लेख लिहिला. त्या म्हणाल्या, या काळ्या रंगातला खरखरीतपणा म्हणजे भूगर्भातल्या श्रमाचा मूक आक्रोश. मी मनात म्हटलं, बाई, तो मी आहे. दुसऱ्या एका विद्वानानं लिहिलं, हे चमकणारे कण म्हणजे अंधारातली आशा. म्हटलं, तेही मीच. मग भाव चढले. चित्रांना नावं नसायची. शीर्षकहीन बारा, शीर्षकहीन चाळीस. इतक्या लेकरांना नाव न ठेवणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.

वच्छलाचा मुलगा विनोद एसटीत कंडक्टर, लाखांदूरच्या गाडीवर. तो मोबाइलवर मामाच्या चित्रांचे भाव पाहायचा आणि आईला एकरात सांगायचा.

"आई, मामाचं एक चित्र विकलं. चाळीस एकर धानाची शेती येते त्याच्यात."

"तलावाखालची का कोरडवाहू?"

"तलावाखालची."

"बाप्पा! अन् चित्रात काय आहे?"

"काहीच नाही."

"मंग बरोबर आहे," वच्छला म्हणायची. "काही असतं तं कोणी खोट काढली असती."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग साथीचा रोग आला, गावं बंद झाली. टाकीवाली यायची थांबली ती थांबलीच. वच्छलाचा खांदा धरला. विनोदची बायको भावना, गुणाची पोरगी, तिनं मिक्सर आणला. मी कोपऱ्यात गेलो आणि माझ्यावर कांद्याची टोपली आली. चार वर्षं मी कांद्यांच्या गप्पा ऐकल्या. त्यांच्याकडं सांगण्यासारखं काही नसतं, नुसता वास.

तिकडं गुलाबाची चित्रं विकणारा धनंजय म्हणाला, "सर, म्हाताऱ्या ताईंना कशाला त्रास? चिखल्याचाच दगड, मशीनवर दळून आणतो. पावडरसारखा मऊ." गुलाबानं चार वर्षं त्या मऊ रंगात चित्रं काढली.

आणि बाजारात गडबड झाली. भिंग घेऊन चित्रं तपासणारा एक तज्ज्ञ म्हणाला, ही शेवटच्या चार वर्षांतली चित्रं गुलाब परसराम यांची नव्हेत. कोणीतरी नक्कल करतंय. गुलाब स्वतः जाऊन उभा राहिला, म्हणाला, अहो मीच काढलीत. तज्ज्ञ म्हणाला, वयोमानानं कलाकाराची आठवण भरवशाची राहत नाही. तीन चित्रं विक्रीतून काढून भिंतीकडं तोंड करून ठेवली.

ही गोष्ट मी हसत सांगतोय खरा. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतर, धानाची कापणी झाली तेव्हा, गुलाब आसगावला आला, ते हसण्यासारखं नव्हतं. शहात्तर वर्षांचा गडी ओट्यावर बसला आणि बहिणीकडं पाहून म्हणाला,

"वच्छले, लोक म्हणून राहिले का गुलाब संपला, त्याच्या नावानं दुसराच कोणी रंगवून राहिला. मले पैशाचं काही नाही. पण मी बी ते चित्र पाहिले, अन् मले बी असंच वाटलं. माझा हात असून मी त्याच्यात नाही."

"काही बी बोलतं गा दादा. उतर, हातपाय धू."

"तू एक डाव रंग वाटून दे. तुझ्या हातचा. त्यातही नाही जमलं तं मी ब्रश ठेवून देतो."

धनंजयही बरोबर आला होता. पांढरे बूट घालून धानाच्या गावात यायला धाडस लागतं, ते त्याच्याकडं होतं. त्यानं कॅनव्हास आणला, काळे खडे आणले. कांद्याची टोपली उतरवून मला बाहेर काढलं. वच्छलानं दुखऱ्या खांद्यानं अर्धा दिवस खडे वाटले.

पण मी गुळगुळीत झालो होतो. चार वर्षं टाकी नाही. माझ्या अंगातून एक कण सुटेना. मला कळत होतं, ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पाट्याला तोंड कुठंय? आता बोलतोय ते तुमच्याशी, त्यांना ऐकू येत नाही. काळा रंग निघाला तो काजळासारखा. मऊ, मेलेला.

गुलाबानं तो कागदावर ओढून पाहिला. 

"झालं," तो म्हणाला. "विनोद, उद्याच्या सकाळच्या गाडीत दोन जागा धर."

वच्छला उठली. वाटीत उरलेले खडे तसेच ठेवून आत गेली आणि चुलीतला धूर डोळ्यांत गेल्यासारखी डोळे पुसत राहिली. घरात गॅस आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गल्लीत आरोळी आली. "पाटे टाका वो बाईऽ! जाते टाका वोऽ!"

चार वर्षांनी! आमची टाकीवाली सुलोचनाबाई. खांद्याला झोळी, तोंडात तंबाखू, आवाज अजून तसाच, गावातली कुत्री आधी पळणारी.

भावनाच्या मनात आलं, मामाजी जाऊन राहिले, निदान शेवटचं जेवण तरी त्यांच्या आवडीचं व्हावं, पाट्यावरची लसूण-मिरचीची चटणी. तिनं हाक मारली.

सुलोचनाबाईनं मला मांडीसमोर घेतलं, तळवा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय वो माय, पाट्याचा पाट केला! याच्यावर जेवाले बसता का?"

"मिक्सर आहे ना," भावना ओशाळून म्हणाली.

"मंग मले कायले बोलावलं? मिक्सरले लावू टाकी?"

मजुरी सत्तर रुपये सांगितली. ओट्यावरून पाय खाली सोडून बसलेला धनंजय म्हणाला, "पन्नास घ्या ना मावशी." एकरांच्या भावात चित्रं विकणारा माणूस! सुलोचनाबाईनं त्याच्या बुटांकडं पाहिलं आणि म्हणाली, "साठ दे, अन् बूट चिखलातून वर घे." टकटक सुरू झाली. दुखत होतं. तरी म्हटलं, आण बाई, आण.

टाकी झाली. भावना आतून कणी घेऊन आली, पहिलं वाटण फेकायला. वच्छलानं दारातूनच पाहिलं.

"कणी कायले नासवतं पोरी? ते कालचे काळे खडे पडून आहेत, तेच फिरव एक हात अन् फेक."

बघा, मायची काटकसर लेकीत कशी मुरली होती.

भावनानं खडे वाटले, माझ्या अंगाची कच त्यात उतरली. पाणी घालून तिनं ते वाटण न्हाणीच्या मागं, नुकताच चुना दिलेल्या भिंतीच्या पायथ्याशी फेकलं. सकाळचं ऊन तिरपं होतं. गुलाब पिशवी भरून तयार होता, जेवणाआधी चूळ भरायला म्हणून तिकडं वळला.

आणि थांबला.

"भावना! हे काय फेकलं?"

बिचारी घाबरली. "काही नाही मामाजी, पाट्याची कच होती. टाकी लावली ना आता."

म्हातारा भिंतीजवळ उकिडवा बसला. ओल्या काळ्यात बोट घातलं आणि चुन्यावर ओढलं. कण लुकलुकले. त्यानं आणखी एक रेघ ओढली. रेघ सरळ आली.

"वच्छले! इकडं ये! हा कुठून आला?"

वच्छला आली, पाहिलं, कंबरेवर हात ठेवले. "हा तं नेहमीचाच आहे. टाकी लावल्यावरचं पयलं वाटण. फेकाचंच असते. माय तुले तेच द्यायची, मी बी तेच धाडत होती."

"फेकाचं वाटण?"

"मंग? खाण्याचं कोणी धाडते का मुंबईले?"

 गुलाब असा हसला, असा हसला की भिंत धरावी लागली. "पन्नास वर्ष! अगं, लोकं त्याच्यावर पुस्तकं लिहून राहिले, अन् तू मले कचरा धाडत होती?"

"कचऱ्यात चाळीस एकर येत होते ना? मंग हसतं कायले?"

धनंजय मात्र हसत नव्हता. तो दोन्ही हातांनी भिंतीच्या पायथ्याचा काळा रंग वाटीत भरत होता. पांढऱ्या बुटांचं काय झालं ते सांगत नाही.

सकाळची गाडी दोन रिकाम्या जागा घेऊन गेली. कंडक्टर विनोदच होता, त्यानं त्या जागी कुणाला बसू दिलं नाही म्हणे, उगाच, मान म्हणून. गुलाबानं ओट्यावर कॅनव्हास पसरला. तीन दिवस तो त्याच्यावर गुडघे टेकून होता. वच्छला मधूनच चहा ठेवून जायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं,

"आलं का?"

"काय?"

"तू. त्याच्यात."

"आलो," तो म्हणाला.

चित्र मुंबईला गेलं. भिंगवाल्या तज्ज्ञानं भिंग लावलं आणि जाहीर केलं, हे शंभर टक्के अस्सल. झालं! धनंजयचे फोनवर फोन. मग तो स्वतः आला, या वेळी काळे बूट घालून. म्हणाला, "ताई, पाटा मुंबईला नेऊ. दर आठवड्याला टाकी लावू. वर्षाला पन्नास चित्रं."

वच्छलानं मला उभं केलं आणि माझ्या कडेला बोटं लावली. एक, दोन, आणि अर्धं.

"बाबू, हे पाहून राहिला का? अडीच बोटं आहे. हप्त्याले टाकी लावली तं पोळा पाहणार नाही हा पाटा. वर्षाले एक टाकी, एक वाटण, एक चित्र. जसं होतं तसं."

"पण ताई—"

"पाटा माझ्या मायचा आहे."

धनंजयचं तोंड उतरलं. मग हळूच उजळलं. त्याच्या ध्यानात आलं की वर्षातून एकच चित्र म्हटलं की भाव दुप्पट. नाही म्हटल्यानं जिथं किंमत चढते, असा धंदा मी दुसरा पाहिला नाही. शेजारचा ईश्वर गेली तीस वर्षं धान विकायला नाही म्हणून पाहतोय, त्याचा भाव कधी चढला नाही.

गुलाब परत गेलाच नाही. आसगावलाच राहिला. नागपूरच्या डॉक्टरनं त्याच्या हृदयाचा फोटो पाहून जी मान हलवली, ती विनोदनं घरी करून दाखवली; ती मला परसरामसारखी, काही न कळता हलवलेली वाटली नाही. त्या दिवशी घरी येऊन त्यानं माझ्यावर हात ठेवला आणि बहिणीला विचारलं,

"वच्छले, याच्यात अजून किती निघतील?"

"पाटा तं पुरते तुले," ती लसूण सोलत म्हणाली. "तू पुरला पाहिजे."

तर आता माझी हालत सांगतो. माझ्यावर रोज चटणी वाटली जाते. मिक्सरवर कांद्याची टोपली आहे, आणि मी हसलो तर पाप लागेल, पण हसतो. माझे खड्डे पुन्हा बुजले आहेत. दिवाळी होऊन गेली, धान कापून झालं, मळणी झाली. कोऱ्या कॅनव्हासला उंदीर लागू नये म्हणून भावनानं तो आढ्याला टांगलाय. काळे खडे वाटीत भरून ठेवलेत. गुलाब रोज सकाळी ओट्यावर येऊन बसतो, कान गल्लीकडं. भंगारवाला आला, बांगडीवाली येऊन गेली, मासे घेऊन ढिवर येऊन गेला. प्रत्येक आरोळीला म्हातारा अर्धा उठतो आणि परत बसतो. वच्छला म्हणते, "येईल गा, कुठं जाते." पण तीही भाजी निवडायला हल्ली ओट्यावरच बसते.

सुलोचनाबाई अजून आली नाही.

म्हणून एवढं बोललो, नाहीतर मी काही बोलका नाही. तुम्ही पवनी-लाखांदूर रस्त्यानं जाताना झोळीवाली एक म्हातारी दिसली, तोंडात तंबाखू आणि पुढं पळणारी कुत्री, तर गाडी थांबवा. तिला म्हणा, आसगावला जा. सत्तर मागितले तर सत्तरच देतील. टाकी मला लागणार आहे, दुखणार आहे, अर्ध्या सुतानं मी आणखी पातळ होणार आहे. काही हरकत नाही म्हणा. फक्त लवकर जा म्हणा, बाई. म्हातारा ओट्यावर बसलाय.